थंडीत जुनी जावा-येझदी सुरू होत नसेल तर...

हिवाळ्यात धरणगाव परिसरात पहाटेचा पारा अनेकदा 10 अंश सेल्सिअसखाली उतरतो. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ने 1961 ते 1996 या काळात बनवलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकली अशा वेळी किकला दाद देत नसल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

इंधन : थंडीत पेट्रोलची वाफ कमी होत असल्याने इंजिनाला अधिक पेट्रोल असलेले मिश्रण लागते, त्यासाठी कार्ब्युरेटरवरील टिकलर, म्हणजे आतील तरंगता फ्लोट खाली दाबून पेट्रोलची पातळी वाढवणारी कळ, क्षणभर दाबावी. गाडी दीर्घकाळ उभी असल्यास पेट्रोल उडून मागे राहिलेले चिकट तेल जेटचे बारीक छिद्र बुजवते, म्हणून तो साफ करावा.

प्लग : अनेक किकनंतरही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही, तो ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी क्षीण आहे, असे समजावे.

ठिणगी : जुन्या मॉडेलांत 6 व्होल्टची बॅटरीच ठिणगीसाठी वीज पुरवते आणि थंडीत तिची क्षमता घटते, त्यामुळे ती आधी चार्ज करावी, त्यानंतर कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी निर्माण करणारे सीबी पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवावे.

ऑइल सील : हे सर्व ठीक असूनही दोष कायम राहिल्यास क्रँकचे सील तपासावेत, कारण टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते आणि सील गळके असल्यास तो दाबच टिकत नाही.