समजून घ्या : पावरीचा सूर मोबाइलमध्ये मावतो का? आदिवासी संगीत जपण्यामागचं गणित

सप्तशृंगी गडामुळे वणी हे नाव राज्यभर पोहोचलं आहे. चैत्रात खानदेशातून पायी येणारे भाविक, नवरात्रातली गर्दी, संबळाच्या तालावरचा गोंधळ हे सगळ्यांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. पण वणीतून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरमध्येच दुसरं संगीत सुरू होतं. सुरगाणा, कळवण, पेठ आणि पुढे गुजरातचा डांग या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल समाजाची वाद्यं, कथा आणि गाणी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक जण आदिवासी आहे. तरीही हे संगीत जिल्ह्यातल्याच अनेकांनी ऐकलेलं नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. मग हे संगीत जपणं सोपं झालं का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

थोडक्यात काय?

• आदिवासी संगीत सणाशी, पिकाशी, विधीशी बांधलेलं असतं. प्रसंग थांबला की गाणंही थांबतं.
• मोबाइलमधलं ध्वनिमुद्रण माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. अखंड घुमणारा सूर त्याला ‘गोंगाट’ वाटू शकतो.
• गाव, गायक, प्रसंग आणि परवानगी यांची नोंद नसेल तर फाइल उरते, पण तिचा अर्थ हरवतो.
• मुद्रण गावात परत पोहोचलं तरच ते जपलं गेलं असं म्हणता येतं.

नेमकं कोणतं संगीत?

पावरी हे इथलं सर्वात ओळखीचं वाद्य. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सूर लांबवर फेकणारं शिंगासारखं तोंड अशी तिची रचना असते. अनेक जण तिला मोरपिसांनी सजवतात. मार्गशीर्षात पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी लागतेच. व्रत धरलेले लोक गावोगाव नाचत फिरतात आणि शेवटी डोंगरावर देवाच्या ठिकाणी जातात.

दुसरं वाद्य पाहिलं तर स्वयंपाकघरातलं वाटेल : काशाची थाळी. थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात. वादक त्या काडीवरून वरून खाली बोटं ओढत राहतो आणि थाळीतून अखंड घुमणारा नाद निघतो. त्या नादावर रात्र-रात्र कथा गायल्या जातात. डांगमधली अशी रामकथा डाह्याभाई वाढू यांनी कुंकणा भाषेत नोंदवून पुस्तकरूपात आणली. या कथेतली माणसं आणि घटना आपल्या ओळखीच्या रामायणापेक्षा अनेक ठिकाणी वेगळ्या वाटेने जातात.

दोन भोपळ्यांची तंतुवाद्य घांगळी ही धान्याची देवी कणसरीच्या कथेसाठी वाजते. पेठ, त्र्यंबक, जव्हार, मोखाड्याकडे मुखवट्यांचा बोहाडा होतो. पालघरकडे गेलात तर तारपा भेटतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा इथले, नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा अनेकांनी या वाद्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

धोका नेमका कशाला आहे?

‘नव्या पिढीला आवड नाही’ असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या लग्नात जाऊन पाहा. पावरीची चाल किबोर्डवर वाजते आणि तरुण पोरं त्यावर रात्रभर नाचतात. यूट्यूबवर अशा गाण्यांचा ढीग आहे. म्हणजे आवड आहे. ती टिकलेली असताना कमी होतोय तो प्रसंग.

कॅलेंडर समोर ठेवलं की हे कळतं. डोंगऱ्या देवाचा महिना, म्हणजे मार्गशीर्ष, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. याच काळात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतरची कामं जोरात असतात. त्या कामांसाठी मजुरांच्या टोळ्या सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरूनच येतात. ज्या दिवसांत पावरी वाजायची, त्याच दिवसांत रोजगार घरापासून लांब असतो. चार दिवसांची मजुरी सोडून व्रत धरणं प्रत्येकाला परवडत नाही.

कथेचंही तसंच. रात्रभर चालणारी कथा शिकायची तर अनेक रात्री जाणत्या माणसाच्या मागे बसून साथ द्यावी लागते. ती पाठ करण्याची दुसरी शाळा नाही. त्यामुळे एक म्हातारा थाळकरी गेला की बऱ्याचदा त्याच्यासोबत कथेचा एक पाठ कायमचा जातो.

जात्यावरच्या ओव्यांनी काय शिकवलं?

प्रसंग संपल्यावर गाण्याचं काय होतं याचं महाराष्ट्रातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण थांबलं आणि ओवी गाण्याची वेळच उरली नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या पुण्याच्या अभ्यासकांनी हे वेळीच ओळखलं. स्थानिक कार्यकर्त्यांना सोबत घेऊन त्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. ते भरतं सुमारे १२० तास.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. शब्द लाखाच्या वर वाचले, पण चाल आणि आवाज वाचला तो त्यातल्या थोड्याच ओव्यांचा. वही-पेन स्वस्त होतं. टेप, यंत्र आणि प्रवास महाग होता. आज उलट झालं आहे. मुद्रण जवळपास फुकट पडतं, पण बसून शब्द लिहून घेणारा माणूस मिळत नाही.

हा संग्रह पुढे ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आला आणि टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर खुला झाला. पारीची मंडळी जुन्या टेपमधल्या गायिकांना शोधत गावात परत गेली, त्यांना पुन्हा गाताना चित्रित केलं आणि प्रत्येक ओवीसोबत गायिकेचं नाव, गाव, फोटो दिला. ‘एक अनामिक लोकगीत’ अशी ओळख पुसली गेली आणि गाणाऱ्या बाईला तिचं श्रेय मिळालं.

केनियात काय घडलं?

हाच प्रश्न पूर्व आफ्रिकेत आधी आला होता. ह्यू ट्रेसी हा संशोधक ध्वनिमुद्रणाची यंत्रं गाडीत घालून आफ्रिकाभर फिरला. १९५० मध्ये केनियातल्या किप्सिगिस समाजाच्या मुलींनी त्याला ‘चेमिरोचा’ नावाचं गाणं गाऊन दाखवलं. चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स, अमेरिकेतला एक गायक. त्याच्या तबकड्या तिथवर पोहोचल्या होत्या. मुलींच्या कल्पनेत तो अर्धा माणूस, अर्धा हरिण झाला आणि त्याच्यावर गाणं रचलं गेलं. ‘शुद्ध’, ‘बाहेरचा स्पर्श न झालेलं’ संगीत शोधणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे. परंपरा बाहेरचं उचलते आणि आपलं करून टाकते. किबोर्डवरच्या पावरीकडेही या नजरेने पाहता येईल.

ट्रेसीने १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक ही संस्था सुरू केली. मुद्रणं तिथे नीट राहिली. पण ती जिथली, तिथल्या लोकांना ती सहा दशकं ऐकायला मिळाली नाहीत. शेवटी नैरोबीच्या केटेबुल म्युझिकच्या मदतीने ही गाणी केनियातल्या त्या गावांत परत नेली गेली. तेव्हा मूळ मुद्रणात गायलेल्यांपैकी काही जण हयात होते. तरुणपणी गायलेला स्वतःचा आवाज त्यांनी म्हातारपणी ऐकला.

याच केटेबुल म्युझिकने ब्रिटनमधल्या अबुबिला म्युझिक फाउंडेशनसोबत ‘सिंगिंग वेल्स’ हा उपक्रम चालवला. केनिया, युगांडासारख्या देशांत फिरता स्टुडिओ गावात न्यायचा, गाणी तिथेच मुद्रित करायची, अशी त्याची पद्धत. कलाकाराला शहरात बोलावण्याऐवजी स्टुडिओच त्याच्या अंगणात जातो.

मोबाइल आहे ना, मग अडचण काय?

इथे थोडं तंत्र समजून घेऊ.

फोनचा माइक आणि त्यामागचं सॉफ्टवेअर मुख्यतः कॉलसाठी तयार केलेलं असतं. माणसाचा आवाज उचलायचा आणि मागे सतत चालणारा आवाज, म्हणजे पंखा किंवा इंजिन, दाबायचा, हे त्याचं काम. आता थाळीचा नाद आठवा. तो सतत, एकसारखा घुमत असतो. आवाज-शुद्धीकरण सुरू असेल तर सॉफ्टवेअर त्याला पंख्याच्या रांगेत बसवू शकतं. मुद्रणात कथा स्पष्ट येते आणि थाळी गायब होते. पावरी आणि तारप्याच्या सलग सुरालाही हाच धोका आहे.

दुसरी गोष्ट आपोआप कमी-जास्त होणारी पातळी. ढोल जोरात वाजला की फोन एकूण आवाज खाली ओढतो, शांतता झाली की वर नेतो. वादकाने केलेले चढ-उतार त्यात सपाट होतात.

तिसरी गोष्ट फाइलचा प्रकार. संग्रहालयं साधारणपणे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट किंवा त्याहून वरच्या दर्जाची ‘वेव्ह’ फाइल ठेवतात. हिशेब सोपा आहे : दोन चॅनेलसाठी सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. रात्रभराची आठ तासांची कथा ८ जीबीच्या आसपास जाते. एकेकाळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत, म्हणून गाणी तोडून घ्यावी लागत. आज अख्खी रात्र साध्या मेमरी कार्डवर बसते. मात्र तीच फाइल बारीक करून व्हॉट्सअॅपवर पाठवली की गाळलेला तपशील परत आणता येत नाही.

फाइलला नाव काय द्यायचं?

ही बाब किरकोळ वाटते, पण बरंचसं काम इथेच बिघडतं. नाशिक-डांगकडचा कोकणा समाज स्वतःच्या भाषेला कोकणा, कोकणी, कुकणा अशा नावांनी ओळखतो. मुद्रणावर नुसतं ‘कोकणी गीत’ लिहिलं तर शोधणारा थेट गोव्याला आणि सिंधुदुर्गाला पोहोचतो. भाषा वेगळी, समाज वेगळा, संगीतही वेगळं. म्हणून गाव, तालुका, समाज, भाषा, वाद्य, प्रसंग, तारीख आणि गायकाने सांगितलेलं गाण्याचं नाव एवढं सोबत हवंच.

गाण्यावर हक्क कुणाचा?

लोकगीताचा एक लेखक नसतो, त्यामुळे गाणं म्हणून त्यावर सहसा कुणाचा कॉपीराइट नसतो. पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर असतो. भारतीय कायद्यात तो मुद्रण करवून घेणाऱ्या निर्मात्याला, प्रसिद्धीनंतर ६० वर्षांपर्यंत मिळतो. म्हणजे गाणं पाड्याचं आणि मुद्रणाचा मालक भलताच, असं सहज होऊ शकतं.

कायद्याने सादर करणाऱ्यालाही स्वतंत्र हक्क दिला आहे. तो ५० वर्षांचा आहे. वैयक्तिक वापर, अभ्यास अशा काही सवलती सोडल्या तर त्याच्या संमतीशिवाय मुद्रण करून ते व्यापारासाठी वापरणं या हक्काचा भंग ठरतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकार म्हणून आपलं नाव लावलं जावं, असा दावाही त्याला करता येतो. हे माहीत असलेले पावरीवादक किती असतील?

शिवाय काही गोष्टी कायद्याच्या पलीकडच्या आहेत. काही कथा ठरावीक विधीतच गायच्या असतात. त्या मुद्रित करायला गाव तयार असेल, पण सगळ्या जगाला दाखवायला नसेलही. म्हणून अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये सुरू केलेल्या, आता गुरुग्राममध्ये असलेल्या लोकसंगीत संग्रहासारख्या ठिकाणी मुद्रण देणाऱ्याला ते कुणी, कशासाठी ऐकावं याच्या अटी घालता येतात. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओला अशी बारीक अट घालणं कठीण असतं.

तुमच्या गावात असा कलाकार असेल तर?

• आधी विचारा. परवानगी मुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात घ्या : मुद्रण चालेल का, इतरांना ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का. हे तीन वेगळे प्रश्न आहेत.
• पहिल्या मिनिटात नाव, गाव, तारीख, वाद्य आणि प्रसंग बोलून नोंदवा. फाइलचं नाव बदललं तरी ही माहिती आत राहते.
• फोन विमान मोडवर ठेवा. आवाज-शुद्धीकरण बंद करता येत असेल तर करा. वेव्ह प्रकार देणारं अॅप वापरा आणि आधी एक मिनिटाची चाचणी ऐकून पाहा.
• गाणं मध्ये तोडू नका. मधल्या गप्पा, हसणं, सूर जुळवणं हेही ठेवा.
• वाद्य कसं बनतं तेही चित्रित करा. भोपळा कधी तोडायचा, बांबू कुठला, मेण कोणतं हे कळलं नाही तर पुढचं वाद्य होणार नाही.
• दुसऱ्या दिवशी सोबत बसून शब्द लिहून घ्या. अनोळखी शब्दाचा अर्थ गायकालाच विचारा.
• तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आणि एक प्रत मेमरी कार्डवर घालून गायकाच्या घरी द्या.

या यादीतली शेवटची ओळ सर्वात स्वस्त आहे आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. ज्या पोराला द्राक्षबागेतल्या कामामुळे मार्गशीर्षात घरी थांबता आलं नाही, त्याच्या फोनमध्ये आजोबांची पावरी असेल, तर निदान पुढच्या वर्षी चाल कुठून धरायची हे त्याला ठाऊक असेल.