कांशाची वाटी आणि तळपायांचें मर्दन

दिवेलागणीनंतर घरांतील वडील माणसाच्या पायांशीं बसून तळव्यांस साजूक तूप चोळावें आणि त्यांवर कांशाची वाटी गोल गोल फिरवावी, हा महाराष्ट्रांतील अनेक घरांचा जुना परिपाठ आहे. वाटी फिरूं लागली कीं थोड्याच वेळांत तळवा काळपट होतो व "अंगांतली उष्णता उतरली" असें समाधानानें म्हटलें जातें. या समाधानांत सत्य किती आणि समजूत किती, हें एकदां पाहण्यासारखें आहे.

कांसें हा तांबें व कथील यांचा मिश्र धातु. घर्षणानें त्याचे अतिसूक्ष्म कण सुटून तुपांत मिसळतात आणि त्यांचाच काळिमा तळव्यावर दिसतो. तो धातूचा असतो, देहांतील उष्णतेचा नव्हे. तथापि, तेवढ्यानें मर्दनाचें सुख खोटें ठरत नाहीं. एका पावलांत २६ हाडें असून त्यांना सांधणारे स्नायु व बंध दिवसभर सबंध देहाचा भार वाहतात. संथ व एकसारख्या दाबानें ताठलेले स्नायु सैल पडतात, मन निवांत होतें आणि झोंपेस साहाय्य होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पादाभ्यंगानें पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, शीण व बधिरता जाते असें सांगितलें असून दृष्टीसही लाभ होतो असें म्हटलें आहे.

तळव्याचा संबंध दूरच्या अवयवांशीं जोडण्याची कल्पना अमेरिकेंत निराळ्या वाटेनें पुढें आली. डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनीं शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले व १९१७ सालीं त्यांवर सहलेखकासह ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें युनिस इंगम या बाईंनीं तळव्यावर यकृत, मूत्रपिंड, हृदय इत्यादींच्या जागा ठरविल्या. त्यांचें पुस्तक १९३८ सालीं निघालें. हीच 'रिफ्लेक्सॉलॉजी'. तिचे नकाशे मोहक आहेत. परंतु अमुक बिंदु दाबल्यानें अमुक अवयवाचा रोग बरा होतो, असें आजवरच्या वैद्यकीय परीक्षणांतून सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून मर्दन हें विश्रांतीचें साधन मानावें. चालू औषध त्याच्या भरंवशावर बंद करूं नये.

खरा धोका बधिरतेच्या बाबतींत आहे. दीर्घकाळच्या मधुमेहांत पायांचे मज्जातंतु क्षीण होतात आणि रोग्यास ऊन तेल पोळलेलें किंवा खडा रुतलेला कळत नाहीं. ही बधिरता चोळल्यानें जात नाहीं. उलट जोरानें चोळण्यानें त्वचा सोलवटून जखम होऊं शकते. अशा पायांवर वाटी फिरवूं नये. कोमट तेलाचा हलका हात पुरे. तेलाची ऊब चोळणाऱ्यानें आधीं आपल्या मनगटावर पाहावी. बोटांच्या बेचक्यांत तेल राहूं देऊं नये. त्याचप्रमाणें एकाच पोटरीस अकस्मात् सूज, ऊब व वेदना आल्यास तेथें मुळींच चोळूं नये. शिरेंत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसांत जाऊं शकते. तेव्हां विनाविलंब डॉक्टरांस दाखवावें.

वृद्धांस वांकून स्वतःचे तळवे पाहतां येत नाहींत. त्यांच्या पायांशीं बसणाऱ्या सुनेला अथवा नातवाला मात्र एखादी भेग, फोड वा लालसर डाग सहज दिसतो. वेळेवर दिसलेली जखम पाय वांचवूं शकते. वाटीनें रोग उतरत नसेल. पण तिच्या निमित्तानें घरांतील कोणाची तरी नजर रोज त्या पायांवर पडते, हा लाभ लहान नव्हे.