भविष्याचा पद्धतशीर विचार : तंत्रविद्येच्या संदर्भात

सूर्यग्रहणाचा क्षण कित्येक वर्षे आधी गणिताने काढता येतो. परंतु एखादे नवे यंत्र केव्हा निर्माण होईल आणि ते समाजात कितपत रुजेल, हे कोणत्याही गणिताने निश्चित होत नाही. कारण येथे निसर्गनियमांच्या जोडीला मानवी निर्णयही कार्य करीत असतात. तथापि वीजकेंद्र किंवा संशोधनशाळा उभारणाऱ्यास पुढील वीस-तीस वर्षांविषयी काही ना काही गृहीत धरावेच लागते. हे गृहीत डोळसपणे कसे धरावे, याचा विचार करणारी एक अभ्यासशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आली. तिच्या दोन प्रमुख पद्धतींचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिली पद्धती 'डेल्फी' या नावाने ओळखली जाते. प्राचीन ग्रीसमधील देववाणीच्या स्थानावरून हे नाव पडले. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत नॉर्मन डाल्की व ओलाफ हेल्मर यांनी ती विकसित केली. तज्ज्ञांची सभा भरविली, तर अधिकाराने मोठ्या किंवा वाक्पटू व्यक्तीचे मत इतरांवर पडते. म्हणून येथे तज्ज्ञांना एकत्र आणीत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रश्नावली पाठवितात, आलेली उत्तरे व त्यांमागील कारणे नाव न देता सर्वांना कळवितात आणि पुन्हा मत मागवितात. अशा अनेक फेऱ्या होतात. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सात तज्ज्ञ होते. अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटविण्यास किती अणुबाँब लागतील, हा त्यांना विचारलेला प्रश्न होता. पहिल्या फेरीत कोणी ५० म्हटले, तर कोणी ५,०००. पाचव्या फेरीअखेर हे शंभरपट अंतर केवळ दोन-तीन पटींवर आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मते जवळ आली म्हणजे ती सत्याच्या जवळ आली, असे होत नाही. सर्व तज्ज्ञ एकाच परंपरेत वाढलेले असतील, तर त्यांचे एकमत म्हणजे एकाच चुकीची पुनरावृत्तीही असू शकेल. म्हणून डेल्फीचे खरे फलित अंतिम आकड्यात नसून, मतभेदांमागील कारणे उघड होण्यात आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

दुसरी पद्धती संभाव्य चित्रांची होय. हर्मन कान यांनी तिचा पाया घातला आणि शेल या तेलकंपनीत पिएर वाक यांनी तिला व्यवहारात स्थिर केले. येथे 'काय होईल' या प्रश्नाऐवजी 'काय काय होऊ शकेल' हा प्रश्न विचारतात. त्यासाठी घटकांचे दोन वर्ग पाडावे लागतात : ज्यांची कारणे आधीच घडून गेली आहेत असे, आणि जे खरोखरच अनिश्चित आहेत असे. हा भेद समजाविण्यासाठी वाक यांनी गंगेचा दृष्टांत दिला आहे. नदीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, की पूर प्रथम हृषीकेशला, मग प्रयागला आणि त्यानंतर काशीला पोहोचणार, हे भाकित नव्हे; तो घडून गेलेल्या घटनेचा परिणाम होय. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या किमती अल्पावधीत अनेक पटींनी वाढल्या. अशा उलथापालथीचे चित्र वाक व त्यांचे सहकारी यांनी कंपनीच्या चालकांपुढे आधीच मांडले होते. नेमका दिवस त्यांनी सांगितला नव्हता. परंतु उत्पादक देशांना तेल वाढत्या प्रमाणात विकत राहण्यात स्वहित उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

भारतातही असा प्रयत्न झाला आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'टायफॅक' या परिषदेने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली २०२० सालासाठी तंत्रविद्येचा दृष्टिलेख तयार केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते वर्ष आता मागे पडले असल्याने 'किती खरे ठरले?' असे विचारण्याचा मोह होतो. परंतु असा लेख केवळ भाकित नसतो. तो संकल्पही असतो. भाकित ऐकून माणसे वागणे बदलतात, आणि त्यामुळे ते कधी खरे, तर कधी खोटे ठरते. संकटाची सूचना वेळीच मानली गेली व संकट टळले, तर सूचना फुकट गेली असे कोणी म्हणणार नाही.

या शास्त्राचे महत्त्व साधनांची टंचाई असलेल्या देशात विशेष आहे. संशोधनाचा निधी एका दिशेने वळविला, म्हणजे दुसरी दिशा बहुधा एका पिढीपुरती बंद होते. अशा वेळी कोणत्याही भविष्यचित्रापुढे तीन प्रश्न ठेवावेत : यातील निश्चित काय व अनिश्चित काय? कोणाची मते विचारली, आणि कोणाची राहून गेली? आणि हे चित्र खोटे ठरू लागल्यास ते कोणत्या खुणांवरून प्रथम कळेल? ज्या योजनेत या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, तिच्यावर दीर्घ मुदतीचा खर्च करण्यापूर्वी पुनर्विचार करणे श्रेयस्कर होय.