राणीच्या बागेतील पाहुणे आणि त्यांचे हरवत चाललेले माहेर

पेंग्विन म्हटले की डोळ्यांपुढे अंटार्क्टिकाचा बर्फ उभा राहतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, काचेपलीकडे पोहणाऱ्या पेंग्विनांनी मात्र बर्फ कधी पाहिलेला नाही. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांचा पॅसिफिक किनारा हे त्यांचे मूळ घर. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, जवळपास तितकेच दक्षिणेला चिलीचे आरिका हे वाळवंटी बंदर आहे आणि हा पक्षी त्याच्या दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यावर नांदतो. दक्षिणेकडून वाहत येणारा हम्बोल्ट सागरी प्रवाह तेथील पाणी गार ठेवतो, म्हणूनच हे शक्य होते. मुंबईत तो गारवा यंत्रांनी निर्माण करावा लागतो. त्यासाठी कक्षाचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस राखले जाते.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ पेंग्विन मुंबईत आणण्यात आले. त्यांपैकी डोरी ही मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणुसंसर्गाने दगावली आणि महापालिकेवर टीकेची झोड उठली. मार्च २०१७ मध्ये कक्ष सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन ठरले. परंतु आठवडाभरातच ते गेले. २०२१ मध्ये जन्मलेली ओरिओ व ऑस्कर ही पिल्ले मात्र जगली. पुढे कुटुंब वाढत गेले.

या पक्ष्याचे वजन चार-पाच किलो. चेहऱ्यावरील पिसांविना असलेली गुलाबी त्वचा अंगातील उष्णता बाहेर टाकते. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस ती उबवतात आणि पिल्लांना भरवण्याचे कामही वाटून घेतात. वर्षातून एकदा सगळी पिसे गळतात. नवी येईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत हा पक्षी पाण्यात उतरत नाही, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या पेंग्विनाला तेवढे दिवस कडकडीत उपासच घडतो.

त्याच्या ऱ्हासाची कथा खतापासून सुरू होते. पेरूच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे 'ग्वानो'चे, शतकानुशतके साचलेले थर होते आणि त्यांतच पेंग्विन बिळे खोदून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या शेतांसाठी हे थर खरवडून जहाजांत भरले गेले. मागे उरला उघडा खडक. त्यावर घातलेली अंडी ऊन आणि शिकारी पक्ष्यांच्या तोंडी सापडू लागली. समुद्रातही सुख नव्हते. ज्या अँकोव्हेटा माशांवर पेंग्विन पोसतात, त्यांचीच मोठी मासेमारी माणूस करतो. शिवाय जाळ्यांत अडकून पक्षी बुडतात ते वेगळेच. आपल्या मान्सूनची चिंता वाढवणारा 'एल निनो' तेथे समुद्र तापवतो, मासे खोल किंवा दूर जातात आणि पिल्ले उपाशी मरतात. १९८२-८३च्या एल निनोने या जातीला जबर तडाखा दिला. २०२३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूने हजारो पेंग्विन मेले.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत ही जात 'असुरक्षित' गटात आहे. प्रौढ पक्ष्यांची संख्या २४ हजारांच्या आसपास धरली जाते. त्यांच्या व्यापारावर 'साइटिस' कराराचे कडक निर्बंध आहेत. चिलीने चान्यारल, चोरोस आणि दामास या बेटांवर याच पक्ष्याच्या नावाने राखीव क्षेत्र केले आहे. त्याजवळच्या 'डोमिंगा' या खाण व बंदर प्रकल्पाला मंत्र्यांच्या समितीने जानेवारी २०२३ मध्ये नकार दिला, तरी वाद न्यायालयात चालूच राहिला.

या साऱ्यात भायखळ्याचा वाटा किती? येथे जन्मलेले पेंग्विन पेरूच्या समुद्रात सोडले जाणार नाहीत. शिवाय वंश मूळच्या सात पक्ष्यांपासून वाढलेला असल्याने जवळच्या नात्यात जोड्या जमू नयेत यासाठी आज ना उद्या अन्य प्राणिसंग्रहालयांशी देवाणघेवाण करावी लागेल. तेव्हा पिल्लांच्या वाढत्या संख्येला 'संवर्धन' म्हणणे धाडसाचे होईल. प्रबोधनाचे काम मात्र येथे खचितच होऊ शकते. सुटीच्या दिवशी काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मुलांना पक्ष्यांची नावे पाठ असतात. ग्वानो, मासेमारीची जाळी आणि तापणारा समुद्र यांची गोष्ट त्यांना कोणीतरी तेथेच, मराठीत, सांगायला हवी.