अडीच आण्यांची बैलगाडी

नाशिकला समुद्र नाही. तरी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बोटीने आणि विमानाने विलायतेला गेलेली कितीतरी पत्रं नाशिकचं काहीतरी अंगावर घेऊनच गेली. ते काहीतरी म्हणजे पोस्टाचं तिकीट.

नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. ही सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाली. लेफ्टनंट कर्नल जी. एच. विलिस तिचे पहिले प्रमुख. १९२६ पासून इथे तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनला डी ला रू कंपनीत छापून बोटीने यायची. विलायतेला पत्र पाठवायचं, तर त्यावरचं तिकीटही आधी विलायतेहून यायला हवं!

मुंबई बंदर तेव्हा भरात होतं. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खुली झाली होती. तिच्या खोदाईत निघालेल्या मातीने भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. शेजारच्या बॅलार्ड पियरच्या धक्क्याला पी अँड ओ कंपनीच्या टपालबोटी लागायच्या, आणि धक्क्यालगतच बॅलार्ड पियर मोल हे रेल्वे स्टेशन होतं. विलायतेचं टपाल बोटीतून उतरलं की तिथेच मेल गाडीत चढायचं. पेशावरला जाणारी पंजाब लिमिटेड, आजची पंजाब मेल, कसारा घाट चढून नाशिक रोडवरूनच पुढे जाई. नाशिकचं पत्र उलट्या वाटेने घाट उतरायचं, मग एडन, सुएझ, मार्सेय करत लंडनला पोचायला साधारण दोन आठवडे लागायचे.

३० मार्च १९२९ला लंडन–कराची हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा हा हिशेब बदलू लागला. प्रवास मात्र तुकड्यातुकड्यांचा होता. थोडा विमानाने, थोडा रेल्वेने, आणि जिनोआहून भूमध्य समुद्रापार अलेक्झांड्रियाला उडत्या बोटीने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेसने भारताची पहिली हवाई टपाल तिकिटं काढली. आणि त्याच महिन्यात ‘सिटी ऑफ रोम’ ही उडती बोट वादळी समुद्रात इटलीजवळ बुडाली. तिच्यातले सातही जण गेले. त्या काळच्या लवकर पोचलेल्या पत्रांकडे पाहताना ही माणसं मला विसरता येत नाहीत.

उडत्या बोटीला धावपट्टी लागत नाही. खाडी, नदी, तलाव, पाणी असलं की झालं. शॉर्ट कंपनीच्या चार इंजिनांच्या एम्पायर बोटी आल्या आणि थेट भारतापर्यंत येऊ लागल्या. कराचीनंतरचा त्यांचा मुक्काम मेवाडचा राजसमंद तलाव, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्त्याची हुगळी. सतराव्या शतकात राणा राजसिंहाने बांधलेल्या तलावावर लंडनचं टपाल उतरत होतं. मुंबई मात्र या वाटेवर नव्हती. दक्षिणेचं हवाई टपाल टाटांची विमानं कराचीहून आणत. ती सेवा १९३२ सालीच सुरू झाली होती. अवजड माल आणि बहुतेक उतारू गोदीतच राहिले. घाईचं पत्र मात्र बॅलार्ड पियरच्या हातून निसटलं.

प्रेसची १९३७ची मालिका हा सगळा बदल दाखवते. हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, मेल गाडी, सहा आण्यांवर टपालबोट, आठावर लॉरी, बारावर विमान. बैलगाडीचं जांभळं तिकीट भिंगाखाली धरावं: चाकाची धाव, बैलांची वशिंडं, बाजूला सहावा जॉर्ज. उजेडासमोर धरलं तर कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क दिसतो. किंमत दोन आणे सहा पै, म्हणजे अडीच आणे.

फेब्रुवारी १९३८मध्ये भारत ब्रिटिश साम्राज्याच्या हवाई टपाल योजनेत आला आणि अर्ध्या औंसाचं पत्र अडीच आण्यांत विमानाने जाऊ लागलं. वेगळा हवाई आकार नाही. म्हणजे पाकिटावर नाशिकला छापलेली बैलगाडी डकवायची, आणि ते पाकीट उडत्या बोटीत बसून आठवड्याच्या आत लंडनला!

ही सोय जेमतेम दीड वर्ष टिकली. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि योजना बंद पडली. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली, तशी भूमध्य समुद्रावरची वाटही मिटली. त्याच वर्षी प्रेसने मालिकेत एक तिकीट वाढवलं. चित्र टपालाच्या विमानाचंच, राजाचं डोकं आधीपेक्षा मोठं, आणि किंमत चौदा आणे.