माहिती गेलेली नसते, सेवा बंद असते

परीक्षेचे दिवस. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग लागलेली. रात्री अचानक गेलेली वीज पहाटे आली आणि सकाळी संगणकही नेहमीप्रमाणे सुरू झाला. मात्र ग्रंथालयाची प्रणाली उघडताच पुस्तकांच्या यादीऐवजी पडद्यावर इंग्रजीतील एक ओळ झळकते : डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. सभासद, पुस्तके, दंडाची रक्कम अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी एका रात्रीत नाहीशा झाल्या की काय, या शंकेने ग्रंथपालांच्या पोटात गोळा येतो. आणि नेमक्या याच वेळी अनेकजण सर्वांत घातक उपाय योजतात. ते सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि नव्याने बसवितात.

वास्तविक अशा प्रसंगी बहुतेक वेळा माहिती जागेवरच असते. बंद असते ती माहिती देणारी सेवा. ती सुरू करण्यासाठी कमांड लाइनवर एक ओळ टाइप करणे अनेकदा पुरेसे ठरते.

कोठार आणि कोठावळा

डेटाबेस म्हणजे एखादी फाइल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग डिस्कवर साठविलेल्या नोंदींचा. त्याला कोठार म्हणता येईल. दुसरा भाग त्या नोंदी काढून देणाऱ्या आणि नव्या लिहून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा. तो या कोठाराचा कोठावळा होय. हा कोठावळा पडद्यामागे अखंड चालू असतो, म्हणून त्याला ‘सर्व्हिस’ म्हणजे सेवा असे नाव आहे. पडद्यावर दिसणारी प्रणाली कोठारात स्वतः कधीच शिरत नाही. ती कोठावळ्याकडे मागणी नोंदविते. कोठावळाच कामावर आला नसेल, तर भरलेले कोठारही कुलूपबंद राहते.

या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालींपैकी एक म्हणजे मायएसक्यूएल. तिचा आरंभ १९९५ मध्ये स्वीडनमध्ये झाला. मराठी वाचकाला नावातील ‘माय’ हा शब्द आईची आठवण करून देईल. परंतु ते तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या मायकेल विडेनियस यांच्या मुलीचे नाव आहे. २०१० मध्ये मायएसक्यूएलची मालकी ओरॅकल कंपनीकडे गेली. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, विडेनियस यांनी तिची स्वतंत्र शाखा सुरू केली आणि धाकट्या मुलीच्या नावावरून ती ‘मारियाडीबी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही ग्रंथालय प्रणाली आपल्या नोंदी याच जातीच्या डेटाबेसमध्ये ठेवते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही प्रणाली विनामूल्य असल्यामुळे महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीही ती स्वीकारली आहे.

आधी विचारा, मग सुरू करा

कोहा सामान्यतः डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर चालते. तेथे टर्मिनलची खिडकी उघडून प्रथम सेवेची स्थिती विचारावी. त्यासाठीची आज्ञा ‘सिस्टमसीटीएल स्टेटस मारियाडीबी’ अशी आहे. ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि तीन शब्दांमध्ये जागा सोडून टाइप करावयाची असते. उत्तरात ‘ॲक्टिव्ह’ असे आले तर सेवा चालू आहे; ‘इनॲक्टिव्ह’ म्हणजे बंद; आणि ‘फेल्ड’ म्हणजे सुरू होण्याचा प्रयत्न फसलेला आहे.

सेवा बंद असल्यास ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी’ ही आज्ञा द्यावी. ‘सुडो’ या शब्दामुळे ती व्यवस्थापकाच्या अधिकाराने दिली जाते आणि संगणक पासवर्ड मागतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला, असे समजू नये. आज्ञा यशस्वी झाली तरी लिनक्स त्याची वर्दी देत नाही. कोणताही संदेश न येणे हीच येथे शुभवार्ता असते. खात्रीसाठी स्थिती पुन्हा विचारावी. यापुढे संगणकाबरोबर सेवाही आपोआप सुरू व्हावी असे वाटत असेल, तर ‘स्टार्ट’च्या जागी ‘इनेबल’ हा शब्द वापरून तीच आज्ञा एकदा द्यावी.

विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावा लागतो. तसे न केल्यास ‘सिस्टम एरर ५’, म्हणजे अधिकार नाही, असे उत्तर मिळते. त्यानंतरची आज्ञा ‘नेट स्टार्ट’ आणि पुढे सेवेचे नाव. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीसाठी हे नाव सहसा ‘मायएसक्यूएल८०’ असते. ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीतील यादीत नेमके नाव पाहून घेता येते.

त्रुटीचा क्रमांक वाचावा

घाबरलेला माणूस त्रुटीचा संदेश वाचत नाही, तो फक्त बंद करतो. वास्तविक निदान त्या संदेशातच असते. क्रमांक २००२ किंवा २००३ दिसल्यास सेवेपर्यंत पोहोचताच आलेले नाही. ती बहुधा बंद आहे. क्रमांक १०४५ मात्र निराळी गोष्ट सांगतो. सेवा चालू आहे, पण वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. अशा वेळी सेवा दहादा सुरू करूनही उपयोग नसतो.

आज्ञा देऊनही सेवा सुरू झाली नाही, तर तिच्या नोंदवहीकडे म्हणजे ‘लॉग’कडे वळावे. लिनक्सवर ‘सुडो जर्नलसीटीएल -यू मारियाडीबी’ या आज्ञेने ती वाचता येते. विंडोजवर डेटाच्या फोल्डरमध्ये ‘ईआरआर’ हे शेपूट असलेली फाइल असते. कारणे बहुधा साधीच निघतात. डिस्क पूर्ण भरलेली असते. कोणीतरी सेटिंगच्या फाइलमध्ये एखादे चुकीचे अक्षर टाकलेले असते. फोल्डरची मालकी बदललेली असते. कधी दुसऱ्याच डेटाबेसने ३३०६ क्रमांकाचा ‘पोर्ट’ आधीच अडविलेला असतो. सेवा याच क्रमांकाच्या दारावर मागणी स्वीकारते आणि एका दारावर दोन कोठावळे बसू शकत नाहीत.

वीज अचानक गेली असेल तर आणखी एक शक्यता उरते. अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरण्यासाठी डेटाबेस आपली ‘रीडू लॉग’ ही नोंदवही सुरू होतानाच तपासतो. पूर्ण झालेले व्यवहार तो डिस्कवर उतरवितो, अपुरे राहिलेले मागे घेतो. साठा मोठा असल्यास यास वेळ लागतो. त्या अवधीत संगणक पुन्हा बंद करणे म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला टेबलावरून उठविण्यासारखे होय. ही नोंदवही ‘पुसून टाका, सुरू होईल’ असा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मानल्यास पूर्ण झालेले व्यवहारदेखील कायमचे गमावण्याचा धोका असतो.

पुनर्स्थापना हा शेवटचा उपाय

डेबियनवर डेटाबेसचे सॉफ्टवेअर समूळ काढताना ‘साठविलेली माहितीही पुसायची का?’ असा प्रश्न विचारला जातो. घाईत दिलेले ‘होय’ हे उत्तर मग परत घेता येत नाही. तोवर केवळ बंद असलेले कोठार त्या क्षणी खरोखरच रिकामे होते. म्हणून सेवा सुरू होत नसल्यास प्रथम ती बंद अवस्थेतच संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच जाणकाराला बोलवावे.

सेवा सुरळीत झाल्यावर एक काम उरते. ‘मायएसक्यूएलडम्प’ किंवा ‘मारियाडीबी-डम्प’ या साधनांनी सर्व नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. कोहामध्ये अशी प्रत रोज काढण्याची सोय आहे. परंतु ती त्याच संगणकात राहिली, तर डिस्कबरोबर तीही जाईल. ती दुसरीकडे नेऊन ठेवणे माणसाच्याच हाती आहे.

खिडकीपुढची रांग तोवर थोडी थांबू शकते. फार तर दिवसभराच्या नोंदी कागदावर करून संध्याकाळी संगणकात भरता येतील. घाईत पुसलेल्या नोंदी मात्र प्रत नसेल तर कोठूनही आणता येणार नाहीत.