गल्ला कोणाचा?

1 मार्च 2024 रोजी गूगलच्या प्ले स्टोअरमधून काही भारतीय कंपन्यांची ॲप्स एकाएकी दिसेनाशी झाली. भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, कुकू एफएम. ज्यांच्या फोनमध्ये ती आधीच होती त्यांचे काम अडले नाही. पण नव्याने स्थळ किंवा नोकरी शोधायला निघालेल्याला दुकानात मालच सापडेना. भांडण होते दलालीचे.

जुलै 2008 मध्ये ॲपलने आपले ॲप स्टोअर उघडले तेव्हा विक्रीतले 30 टक्के दुकानाचे, असा दर ठरवला. गूगलनेही तोच उचलला. 2021 पासून दोघांनीही लहान विक्रेत्यांसाठी तो 15 टक्क्यांवर आणला. ही दलाली सगळ्यावर नसते, बरे का! ॲपवरून रिक्षा बोलवा, भाजी मागवा, तिच्यावर काही नाही. फोनच्या आतच वापरायच्या गोष्टींवर, म्हणजे गाण्यांची वर्गणी, ऐकायच्या गोष्टी, खेळातली नाणी यांवर मात्र ती लागते. आणि अट अशी, की पैसे दुकानदाराच्याच गल्ल्यात टाकायचे.

या अटीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये बोट ठेवले, गूगलला 936.44 कोटी रुपये दंड केला आणि विक्रेत्यांना दुसरा गल्ला वापरू द्या, असे बजावले. गूगलने मुभा दिली. पण कशी? दुसऱ्याचा गल्ला वापरलात तर दलालीत 4 टक्के सूट. 15 चे 11, 30 चे 26!

आता हिशेब करून पाहू. मराठी कथा ऐकवणाऱ्या एखाद्या ॲपची वर्गणी 100 रुपये धरा. गूगलच्या गल्ल्यातून आले तर 15 रुपये जातात. ग्राहकाने बाहेर कार्डाने भरले तर 11 गूगलला, साधारण 2 कार्डवाल्यांना, शिवाय परताव्याची आणि हिशेबाची कटकट स्वतःकडे. एवढ्यासाठी वेगळा गल्ला कोण मांडेल? आपल्याकडे तर 2020 पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला दलालीच नाही. म्हणून हा आकडा इथे जास्त डोळ्यांत खुपतो.

गूगलचे म्हणणे अगदीच वावगे नाही. ही दलाली निव्वळ पैसे स्वीकारण्याची नाही; दुकान चालवणे, मालाची तपासणी, जगभरचे गिऱ्हाईक यांचेही मोल त्यात आहे, असे ते म्हणतात. मान्य. मग त्या जागेचे भाडे वेगळे सांगावे, असे मला वाटते. भाडे आणि गल्ला एकत्र बांधले, की विक्रेत्याला घासाघीस करायला जागाच उरत नाही.

सरकारने मध्यस्थी केल्यावर ती ॲप्स चार-पाच दिवसांत परत आली. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड 216.69 कोटींवर आणला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेत ॲपलने बाहेरच्या खरेदीवर 27 टक्के लावले होते. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो न्यायालयाचा अवमान ठरवला. त्यावरही पुढे अपील झालेच.

तोवर एक करता येईल. ॲपमध्ये वर्गणी भरण्याआधी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचा दर पाहा. कधीकधी तो कमी असतो.